मोनेला धूसर दिसायचं म्हणून तो तसं रंगवायचा?

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं चित्र समोर आलं की कुणीतरी हमखास सांगतं, ‘मोतीबिंदू होता ना त्याला, म्हणून सगळं धूसर.’ ऐकायला छान, पण तारखा जुळत नाहीत. निदान झालं १९१२ मध्ये, एकाहत्तरी गाठल्यावर. ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ हे त्याचं धूसर चित्र मात्र १८७२चं, ऐन तिशीतलं.

मोने वाढला फ्रान्समधल्या ल आव्र बंदरात. पोरवयात गावातल्या लोकांची व्यंगचित्रं काढून विकायचा, म्हणजे नजर आणि हात दोन्ही पक्के. यूजेन बूदँ या चित्रकाराने त्याला उघड्यावर रंगवायला नेलं आणि उजेडाचं वेड लागलं ते कायमचं. १८६८-६९चं ‘मॅगपाय’ हे चित्र जवळून पाहा: बर्फावर पडलेली कुंपणाची सावली काळी नाही, निळसर आहे. अधू डोळ्यांना हे दिसलं असतं?

मोतीबिंदूचा परिणाम झालाच नाही असंही नाही. उतारवयात काढलेल्या, त्याच्या बागेतल्या जपानी पुलाच्या चित्रांत तांबूस-तपकिरी रंग अक्षरशः माजलेत. १९२३ मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पण तोवर त्याच्या शैलीला पन्नासेक वर्षं होऊन गेली होती.