प्रादेशिक सेना

आपला नोकरीधंदा सांभाळून वर्षातला ठरावीक काळ सैनिकी सेवा करणाऱ्या नागरिकांचे भारतीय दल. ते भूसेनेचाच भाग आहे. टेरिटोरियल आर्मी किंवा नुसते ‘टीए’ या नावाने लोक त्याला जास्त ओळखतात. पहारा, रखवाली, दळणवळणाचे रक्षण अशा कामांतून नियमित सैन्याला मोकळे करणे, आपत्तीत मुलकी प्रशासनाच्या मदतीला जाणे आणि रेल्वे-तेलासारख्या अत्यावश्यक सेवा बंद पडू न देणे ही त्याची कामे. ब्रीदवाक्य ‘सावधानी व शूरता’.

या दलाचे मूळ १९२०च्या कायद्यात आहे. ब्रिटिश सरकारने तेव्हा दोन वेगळी दले उभी केली. भारतीयांसाठी इंडियन टेरिटोरियल फोर्स आणि युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांसाठी ऑक्झिलिअरी फोर्स. महाविद्यालयीन तरुणांच्या तुकड्याही त्याच काळातल्या. त्यांचा वारसा पुढे एनसीसीकडे गेला. स्वातंत्र्यानंतर १९४८मध्ये प्रादेशिक सेना कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते दलाचे उद्घाटन झाले. दरवर्षी ९ ऑक्टोबर हा त्याचा स्थापना दिन असतो.

अधिकारी होण्यासाठी वय १८ ते ४२, पदवी आणि शारीरिक क्षमता लागते. खरी अट मात्र चौथी आहे : उमेदवाराला स्वतःचे उत्पन्नाचे साधन असले पाहिजे. ज्याला नोकरीधंदा नाही, त्याला इथे अधिकारीपद नाही. नियमित सैन्यदले, पोलीस आणि निमलष्करी दलांत असलेल्यांनाही अर्ज करता येत नाही. लेखी परीक्षेत तर्कशक्ती, अंकगणित, सामान्यज्ञान आणि इंग्रजी असते. त्यानंतर प्रादेशिक सेनेच्या गट मुख्यालयात प्राथमिक मुलाखत होते. दक्षिण विभागाचे हे मुख्यालय पुण्यात आहे. पुढे इतर अधिकारी-उमेदवारांप्रमाणेच सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची (सैन्यदलांचे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची) कसोटी आणि वैद्यकीय तपासणी. जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघतात. २०२५च्या जाहिरातीत त्या १९ होत्या.

निवड झाल्यावर लेफ्टनंट म्हणून कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, मिळते. पहिल्या वर्षी एक महिना प्राथमिक प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचे वार्षिक शिबिर आणि पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचा कमिशनोत्तर अभ्यासक्रम असा क्रम आहे. शहरी पलटणींत शनिवार-रविवारची कवायत चालते आणि चार तासांची हजेरी एक दिवस धरली जाते. प्रशिक्षणात किंवा प्रत्यक्ष सेवेत असताना पगार आणि भत्ते नियमित सैन्याप्रमाणे मिळतात. घरी असलेल्या दिवसांचे काही मिळत नाही. सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला परतल्यावर मूळ मालकाने कामावर घ्यावे, अशी तरतूद कायद्यातच आहे. खासगी नोकरीत दोन महिन्यांची रजा मागायची वेळ आली की या तरतुदीचे महत्त्व कळते.

जवानांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे आणि ‘अर्धवेळ सैनिक’ हे वर्णन तिथे अपुरे पडते. पायदळाच्या पलटणी सरकार सलग सेवेत बोलावून घेऊ शकते. याला एम्बॉडिमेंट म्हणतात. अशा पलटणीतला जवान वर्षानुवर्षे काश्मीर किंवा ईशान्य भारतात पूर्णवेळ तैनात राहतो. जवानाला निवृत्तिवेतनासाठी अशी एकूण १५ वर्षांची सेवा लागते, अधिकाऱ्याला २०. कोल्हापूर, बेळगाव, देवळाली इथल्या भरतीला पहाटेपासून रांगा लागतात, त्या या आशेने. कायद्याच्या दृष्टीने हा जोडव्यवसाय आहे. रांगेतल्या बहुतेक पोरांना तो मुख्य हवा असतो. दलाची कल्पना आणि ग्रामीण वास्तव यांतले हे अंतर धोरणात कुठेच मान्य केलेले दिसत नाही.

महाराष्ट्राशी संबंधित पलटणींत पुण्याची १०१ आणि कोल्हापूरची १०९ या मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या आहेत. रेल्वे आणि तेल क्षेत्रातील विभागीय तुकड्यांत त्या-त्या खात्याचेच कर्मचारी असतात. संप किंवा युद्धामुळे सेवा ठप्प होऊ लागली, की तेच लोक वर्दीत कामावर येतात.

पर्यावरण पलटणी हा खास भारतीय प्रयोग म्हणावा लागेल. पहिली पलटण, गढवाल रायफल्सशी जोडलेली १२७ क्रमांकाची, १९८२मध्ये डेहराडूनला उभी राहिली. चुनखडीच्या खाणींनी उघडेबोडके झालेले मसुरीचे डोंगर पुन्हा हिरवे करणे हे तिचे काम. दुसरी राजस्थानच्या वाळवंटात इंदिरा गांधी कालव्याच्या परिसरात गेली. या पलटणींत मुख्यतः माजी सैनिक घेतले जातात. मराठवाड्यासाठी महार रेजिमेंटशी जोडलेली १३६ क्रमांकाची पलटण औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला उभारण्यात आली. रोपे लावणारे पुष्कळ असतात. लावलेले झाड उन्हाळ्यात जगवायला रोजची शिस्त लागते आणि ती या मंडळींकडे असते.

१९६२, १९६५ आणि १९७१च्या युद्धांत प्रादेशिक सेनेच्या तुकड्या होत्या. ६ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने १९४८च्या नियमांतील नियम ३३ नुसार भूसेनाप्रमुखांना या दलातील सर्व अधिकारी व जवानांना बोलावण्याचे अधिकार दिले. त्याच आदेशात पायदळाच्या ३२ पलटणींपैकी १४ पलटणी सेवेत घेण्यास मंजुरी होती, ९ फेब्रुवारी २०२८पर्यंत. महिलांच्या प्रवेशाचा प्रश्न न्यायालयात गेला होता. त्यांनाही भरती खुली असल्याचा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये दिला.

सामान्य वाचकाला हे दल आठवते ते बहुधा क्रिकेटपटूंमुळे. कपिल देव यांना २००८मध्ये आणि महेंद्रसिंग धोनी यांना २०११मध्ये लेफ्टनंट कर्नल ही मानद पदवी मिळाली. धोनी यांनी आग्र्याला पॅराशूट उड्या पूर्ण केल्या आणि २०१९मध्ये काश्मीरमध्ये आपल्या पॅरा पलटणीसोबत काही दिवस काढले. मानद पदासाठी परीक्षा द्यावी लागत नाही. २०१२मध्ये लेफ्टनंट झालेले सचिन पायलट आणि २०१६मध्ये झालेले अनुराग ठाकूर हे राजकारणी मात्र रीतसर निवडप्रक्रियेतून आले.