युद्धनौकांचे नामकरण

युद्धनौकेचे नाव सहसा सुटे ठरत नाही, ते नौकेच्या प्रकाराला आणि वर्गाला (एकाच आराखड्याच्या नौकांच्या गटाला) धरून ठरते. भारतीय नौदलात हे काम अंतर्गत नामकरण समिती पाहते. विनाशिकांना (डिस्ट्रॉयर) शहरांची, त्यांहून सहसा लहान अशा फ्रिगेट युद्धनौकांना डोंगररांगांची, नद्यांची किंवा शस्त्रांची, तर पाणबुड्यांना बहुधा जलचरांची नावे, असा ढोबळ शिरस्ता आहे. एका वर्गातील नावे शक्यतो एकाच अक्षराने सुरू होतात: तलवार, त्रिशूळ, तबर किंवा शिशुमार, शंकुश, शाल्की, शंकुल.

समुद्राचे तोंड न पाहिलेल्या नागपूरकरालाही यातले एक नाव घरचे वाटावे. शिवालिक वर्गातील तीन फ्रिगेटपैकी ‘सातपुडा’ मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधली गेली आणि २० ऑगस्ट २०११ रोजी नौदलात दाखल झाली. नागपूरच्या नळाला येणारे पेंचचे पाणी ज्या डोंगरातून उतरते, त्याच्या नावाची ही नौका ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो बंदरात तिरंगा घेऊन उभी होती.

पेंच कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे प्राणहितेतून हे पाणी गोदावरीत जाते. ‘गोदावरी’ या नावाचा प्रवासही बराच वळणाचा आहे. ब्रिटिशकालीन ‘गोदावरी’ ही स्लूप (छोटी युद्धनौका) फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि तिचे ‘सिंध’ झाले. भारताने ते नाव १९८३ मध्ये स्वदेशी आराखड्याच्या फ्रिगेटला पुन्हा दिले. ती २०१५ मध्ये निवृत्त झाली.

विनाशिकांचा नियम त्या मानाने सैल आहे. रजपूत वर्गातील ‘राणा’, ‘रणवीर’, ‘रणविजय’ ही शहरे नव्हेतच. नंतर दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई अशा राजधान्या आल्या; पण गोव्याच्या वतीने पणजीऐवजी मुरगाव आले, गुजरातच्या वतीने सुरत. ‘इंफाळ’ (२०२३) हे ईशान्येकडील शहराचे नाव मिळालेली पहिली विनाशिका. या नावाला राष्ट्रपतींची मंजुरी २०१९ मध्येच मिळाली होती. महाराष्ट्राची उपराजधानी या यादीत नाही. बंदर नाही म्हणून, असे म्हणायची सोय दिल्ली आणि इंफाळने ठेवलेली नाही.

गेलेल्या नौकेचे नाव नव्या नौकेला देणे ही भारतीय नौदलाची ठाम सवय आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह बुडालेल्या ‘खुकरी’चे नाव १९८९ मध्ये नव्या कॉर्व्हेटने (फ्रिगेटहून लहान युद्धनौकेने) घेतले. ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली, २०२२ मध्ये परतली. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तटबंदी सुरू केलेल्या खांदेरीचे नावही दोन पाणबुड्यांना मिळाले आहे.

जर्मनीत उलटे घडले. ‘डॉइचलांड’ (म्हणजे जर्मनी) ही युद्धनौका बुडाली तर जगभर ‘जर्मनी बुडाली’ असा बोभाटा होईल, या धास्तीने हिटलरने दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला तिचे नाव बदलून ‘ल्युत्सो’ केले. ब्रिटनमध्ये नौदलमंत्री असताना चर्चिल यांनी ‘ऑलिव्हर क्रॉमवेल’ हे नाव सुचवले होते. राजाचे डोके उडवणाऱ्याचे नाव राजाच्या नौकेला! पाचव्या जॉर्जने ते अर्थातच फेटाळले. अमेरिकेत नाव ठरवण्याचा अधिकार नौदल सचिवाकडे असतो. पूर्वी तिथल्या बॅटलशिपना (मोठ्या तोफांच्या अवजड युद्धनौकांना) मिळणारी राज्यांची नावे आता मुख्यतः पाणबुड्यांना जातात.

भारतात जलावतरणाच्या वेळी मंत्रोच्चार होतो, नारळ फुटतो आणि परंपरेने एखादी स्त्री नाव जाहीर करते. नावाआधी ‘आयएनएस’ (इंडियन नेव्हल शिप) मात्र नौका रीतसर सेवेत दाखल झाल्यावरच लागते.