डिस्क्लाव्हियर म्हणजे खऱ्या तारा लावलेलं सॉफ्टवेअर नव्हे

संगणकावर रचना करणारे बरेच जण धरून चालतात की सॉफ्टवेअर पियानोवर छान वाजलेली मिडी फाईल (कोणती पट्टी कधी आणि किती जोरात, याची नोंद) यामाहाच्या डिस्क्लाव्हियरला, म्हणजे आपोआप वाजणाऱ्या पियानोला दिली, की तीच रचना खऱ्या तारांवर ऐकू येईल. तशी ती येत नाही. मग दोष केबलला, ड्रायव्हरला, नाहीतर पियानो ट्यून करणाऱ्याला दिला जातो.

सॉफ्टवेअर पियानो म्हणजे पियानोचे रेकॉर्ड केलेले सूर (सॅम्पल) संगणकातून वाजवणारा प्रोग्रॅम. डिस्क्लाव्हियर हा १९८० च्या दशकात आलेला अस्सल ॲकूस्टिक पियानो. त्यात सॉलेनॉइड (विजेवर चालणारा चुंबकी दट्ट्या) पट्टी हलवतो, पट्टी हातोडी उडवते आणि हातोडी तारेवर आदळते. पट्ट्या ८८च, आणि वाजलेली पट्टी पुरेशी वर आल्याशिवाय पुन्हा वाजत नाही. जुन्या मॉडेलांवर एका वेळी १६ च पट्ट्या चालतात. त्यामुळे लाखो नोटांची ‘ब्लॅक मिडी’ फाईल यावर वाजवायचा हट्ट कृपया सोडा. हे फरक पहिल्याच दिवशी कळतात.

कळत नाही तो वेळेचा फरक. डिस्क्लाव्हियर ‘थोडा उशिरा वाजतो’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते वाचून मला दरवेळी वैताग येतो. सगळ्याच नोटा सारख्या उशिरा आल्या असत्या तर फाईल तेवढी मागे सरकवून काम भागलं असतं. पण इथे प्रत्येक नोटेचा उशीर तिच्या वेलॉसिटीवर, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली यावर ठरतो. जोरात दाबलेल्या पट्टीची हातोडी साधारण ३० मिलिसेकंदांत तारेवर पोचते, अगदी हलक्या पट्टीला १५० च्याही वर लागतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे तिच्या चौपटीतला एक सूर १२५ चा. ठळक सुरावट आणि हळुवार साथ सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर (वेळेच्या चौकटीवर) एकाच रेषेत ठेवली, तरी साथ जवळपास एका सुराच्या अंतराने मागे पडू शकते. सॅम्पलला हातोडीचा प्रवासच नसतो, म्हणून स्पीकरवर हे कधीच लक्षात येत नाही.

यावर यामाहाचा उपाय असा: आलेली प्रत्येक नोट अर्धा सेकंद रोखून धरायची आणि हलकी नोट लवकर, जोरदार नोट उशिरा सोडायची, म्हणजे सगळ्या हातोड्या वेळेवर पोचतात. आधी लिहून ठेवलेल्या रचनेसाठी मी हीच सेटिंग वापरायला सांगेन. सोबत स्पीकरवरचा आवाज असेल तर तोही ५०० मिलिसेकंद मागे ढकला. पण समोर तबलजी बसून संगणक त्याला पियानोवर उत्तर देणार असेल, तर १२० च्या लयीत ते उत्तर पूर्ण मात्राभर उशिरा येईल. तिथे सेटिंग बंद करावीच लागते. मग वेलॉसिटीचा पट्टा अरुंद ठेवा, हळू-जोराचा खेळ पेडल आणि सुरांच्या दाटीवर सोडा.

संगीतकार कॉनलन नॅनकॅरोने मेक्सिकोत आपोआप वाजणाऱ्या पियानोसाठी कागदी रोल पंच करून अफाट वेगाच्या रचना केल्या, मग आपल्याला का जमू नये, असं विचारलं जातं. त्याचे ॲम्पिको पियानो हवेच्या दाबावर चालत आणि त्यांत जोर अर्ध्या-अर्ध्या कीबोर्डला एकत्र ठरत असे. डिस्क्लाव्हियरवर प्रत्येक पट्टीचा जोर वेगळा ठेवता येतो. माझ्या मते ही त्याची सर्वांत मोठी देणगी, आणि वेळेचा हा सगळा गुंता तिच्याच पोटी आलेला आहे.

अगदी कमी वेलॉसिटीला पट्टी हलते पण हातोडी तारेपर्यंत पोचत नाही. ती मर्यादा वाद्यागणिक बदलते, हवेतल्या दमटपणानेही बदलते. म्हणून हळुवार भागांचे आकडे घरच्या हेडफोनवर ठरवू नका. कार्यक्रमाच्या पियानोवर एक-एक पट्टी वाजवून पाहा आणि मगच फाईल पक्की करा.