आरएनए लशीमुळे जनुके बदलत नाहीत

इंदूरच्या मराठी घरांत फ्लूच्या लशीचा विषय निघाला की ‘आरएनएची लस घेतली तर जनुके कायमची बदलतात’ हा कोविडकाळापासून फिरणारा संदेश हमखास पुढे येतो, आणि त्यापायी वडीलधारी मंडळी लसच टाळतात, याचे फार वाईट वाटते. दवाखान्यात दरवर्षी मिळणारी फ्लूची लस सहसा निष्क्रिय केलेल्या विषाणूपासून बनवलेली असते. तिच्यात आरएनए तंत्र नसतेच.

जनुके पेशीकेंद्रकातील डीएनएमध्ये असतात. आरएनए लशीतला संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन कसे बनवायचे हे सांगणारा रेणू, मेदाच्या अतिसूक्ष्म कणातून पेशीत शिरतो, पण केंद्रकाबाहेरच राहतो. तिथे रायबोसोम तो वाचून विषाणूचे एखादे प्रथिन तयार करतात, प्रतिकारयंत्रणा ते ओळखायला शिकते, आणि पेशीतील विकरे (एन्झाइम) थोड्याच काळात त्या आरएनएचे तुकडे करून टाकतात. आरएनएवरून डीएनए घडवणारे विकर लशीत घातलेले नसते.

या तंत्राचे खरे मोल वेगळेच आहे. फ्लूचा विषाणू सतत रूप पालटतो, म्हणून लस दरवर्षी नव्याने ठरवावी लागते. आरएनए लशीत मात्र अनेक प्रकारांचे संदेश एकत्र घालता येतात. 2022 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी इन्फ्लुएन्झा ‘ए’चे 18 उपप्रकार आणि ‘बी’चे 2 वंश अशा 20 प्रथिनांचे संदेश असलेली लस उंदीर व फेरेट या प्राण्यांना दिली. लशीतल्या प्रथिनांशी तंतोतंत न जुळणाऱ्या विषाणूंपासूनही तिने गंभीर आजार आणि मृत्यू यांपासून संरक्षण दिले. संसर्ग पूर्णपणे रोखणे हा तिचा दावा नव्हता.