नागरिकत्वाच्या परीक्षेत नापास झाल्यास ग्रीन कार्ड जाते का?

अमेरिकेत नागरिकत्वाच्या मुलाखतीत इंग्रजी किंवा नागरिकशास्त्राच्या चाचणीत अनुत्तीर्ण झालेल्याचे ग्रीन कार्ड रद्द होते, हा समज वर्षानुवर्षे पसरलेला असला तरी निराधार आहे. पहिल्या मुलाखतीनंतर ६० ते ९० दिवसांदरम्यान, केवळ राहिलेल्या भागापुरती, दुसरी संधी मिळते. तीही हुकली तर एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज नामंजूर होतो, पण कायम वास्तव्याचा हक्क अबाधित राहतो आणि शुल्क भरून पुन्हा अर्ज करता येतो. खरा धोका, ज्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, वेगळाच आहे: अधिकारी संपूर्ण फाइल तपासत असल्याने जुना गुन्हा, देशाबाहेरचे प्रदीर्घ वास्तव्य किंवा ग्रीन कार्ड मिळवताना दिलेली खोटी माहिती उघड झाल्यास प्रकरण हद्दपारीपर्यंत जाऊ शकते. अशांनी अर्जापूर्वीच वकिलाचा सल्ला घ्यावा.