पोकरमध्ये भीती कधी बरोबर असते?

चवथीला आरत्या आटोपल्या की गोव्यातल्या बऱ्याच घरांत पत्ते पिसले जातात. काही बैठकींत रमी-तीनपत्तीच्या जोडीला आता पोकरही असतो. मांडवीतल्या कॅसिनो जहाजांवर खेळायला गोमंतकीयांना 2020 पासून मज्जाव आहे, पण प्लॅस्टिकच्या चिप्स वाटून सहा-आठ जणांची छोटी स्पर्धा घरीही मांडता येते. पैसे लावले तर तो जुगार, म्हणून आपण बक्षीस काजूच्या पाकिटांचं धरू: एकूण 10. पहिल्याला 5, दुसऱ्याला 3, तिसऱ्याला 2, बाकीच्यांना फक्त चहा.

प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पानं, मध्ये पाच उघडी, आणि या सातांतून सर्वांत भारी पाच पानांचा संच. दर डावाला दोघांना ठरावीक चिप्स सक्तीने लावाव्या लागतात. त्यांना ब्लाइंड म्हणतात, आणि स्पर्धेत हे ब्लाइंड ठरावीक वेळाने वाढत जातात. चिप्स संपल्या की तुम्ही बाहेर. सुरुवातीला ब्लाइंड किरकोळ असतात, तेव्हा कच्ची पानं निमूट टाकून द्यावीत. डावात सर्वांच्या नंतर बोलायची (चिप्स लावायची किंवा पानं टाकायची) पाळी असेल तेव्हा थोडं सैल खेळलं तर चालतं, कारण इतरांनी काय केलं ते आधी दिसलेलं असतं.

एवढं कुणालाही शिकता येतं. अवघड भाग पुढे आहे.

एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांतून एकदा हाती येते. समोरच्याकडे राजांची जोडी असेल, तर एक्के 100 पैकी सुमारे 82 वेळा जिंकतात. म्हणजे 18 वेळा हरतात, आणि त्यात कुणाचीच चूक नसते. समजा, एका रात्रीत तुम्ही पाच वेळा सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या आणि दर वेळी जिंकण्याची शक्यता 80 टक्के होती. पाचही डाव जिंकण्याची शक्यता उरते फक्त 33 टक्के. अचूक खेळूनही कुठेतरी फटका बसणं हेच जास्त संभाव्य.

तो बसला की डोकं फिरतं. पोकरवाले याला ‘टिल्ट’ म्हणतात. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवलं, की नफ्यात असताना माणूस खात्रीचं पदरात पाडून घेतो, आणि तोट्यात असताना तोच माणूस तो भरून काढायला मोठी जोखीम पत्करतो. मघापर्यंत शहाण्यासारखा खेळणारा इस्पिक सत्ती आणि चौकट दुर्री असल्या कच्च्या पानांवर ‘ऑल-इन’ (सगळ्या चिप्स लावल्या) म्हणतो, तो याच ओढीने. गेलेल्या चिप्स आता दुसऱ्याच्या आहेत, हे त्याला पटलेलंच नसतं.

‘शांत राहा’ हा सल्ला माझ्या मते निरुपयोगी. त्यापेक्षा 2009 मधला पीटर सोकोल-हेसनर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग कामाचा. पैशांची जोखीम घ्यायची की नाही, असे अनेक निर्णय त्यांनी लोकांना दिले. प्रत्येक निर्णय सुटा न पाहता, व्यापारी पाहतो तसा अनेकांतला एक म्हणून पाहा, असं सांगितल्यावर लोकांची तोट्याची धास्ती कमी झाली. तोटा झाल्यावर त्वचेच्या विद्युत्वाहकतेत दिसणारी खळबळही उतरली. नजर बदलली आणि शरीरही निवळलं.

म्हणजे भीती सरसकट वाईट? नाही. स्पर्धेचं गणित इथेच गमतीदार होतं.

समजा, तिघे उरलेत, चिप्स समसमान. प्रत्येकाचा वाटा सरासरी 3.33 पाकिटं. एकाने सगळ्या चिप्स लावल्या. तुमच्याकडे नव्व्यांची जोडी आहे, आणि त्याच्याकडे एक्का-राजा आहे असं धरू. तुम्ही सुमारे 55 टक्के वेळा जिंकाल, मग घ्यावा का डाव? जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात, पण पाकिटं दुप्पट होत नाहीत. एकूण चिप्सपैकी दोन-तृतीयांश तुमच्याकडे, म्हणून पहिला नंबर यायची शक्यता दोन-तृतीयांश, दुसरा यायची एक-तृतीयांश, म्हणजे वाटा 4.33. हरलात तर हातात 2. कमाई एका पाकिटाची, तोटा 1.33 चा. हा डाव परवडायला निदान 57 टक्के शक्यता हवी. नव्व्या टाकून द्यायच्या. नेहमीच्या खेळात जी भीती नुकसान करते, ती इथे हिशेबाला धरून आहे.

ज्याच्याकडे ब्लाइंडच्या दहापटीहूनही कमी चिप्स उरल्यात, त्याला मात्र ही चैन नाही. वाट पाहत बसला तर ब्लाइंडच त्याला खाऊन टाकतात; बऱ्यापैकी पानं आली, आधी कुणी डावात उतरलेलं नसलं, की सगळं लावून मोकळं व्हावं. आणि चिप्सचा सर्वांत मोठा ढीग ज्याच्यासमोर आहे, त्याने मधला ढीग असलेल्या खेळाडूवर वारंवार चढाई करावी. हलकी पानं असली तरी हरकत नाही. एका डावात तो बाद होणार नसतो, आणि समोरच्याला नव्व्यासुद्धा टाकाव्या लागणार, हे त्याला माहीत असतं.