सिस्टरनी दिलेला आकडा आणि पेशंटचं पुढे काय झालं

कॅज्युअल्टीत पेशंट आला की सिस्टर इंग्रजीत दोन ओळी खरडतात, अर्थ असा: 'दोन दिवस पोटात दुखतंय, उलटी नाही, ताप नाही.' या ओळी वाचून पेशंट किती तातडीचा हे सांगणाऱ्या कुठल्याही प्रणालीला हल्ली 'एआय ट्रायाज' म्हणतात. पण या एका नावाखाली दोन निराळी यंत्रं विकली जातात. ती शिकली कशावरून, हे विचारलं की फरक कळतो.

पहिलं यंत्र सिस्टरनी दिलेल्या आकड्यावरून शिकतं. अमेरिकेत ईएसआय (इमर्जन्सी सिव्हेरिटी इंडेक्स) या तातडी ठरवण्याच्या पद्धतीत १ ते ५ पायऱ्या असतात. १ म्हणजे जीव वाचवायला लगेच हात घालायचा. ५ म्हणजे तपासून सोडलं तरी चालेल. दुसरं यंत्र पुढचं बघतं: भरती झाली का, आयसीयूत गेला का, दगावला का. बॉस्टनच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलच्या संशोधनासाठी खुल्या केलेल्या नोंदींत (२०११ ते २०१९, सुमारे सव्वाचार लाख भेटी) दोन्ही उत्तरं आहेत. म्हणजे त्याच नोंदींवरून दोन्ही यंत्रं बनवता येतात.

पहिल्याची मर्यादा उघड आहे. मधुमेही आजी 'थकवा, मळमळ' सांगतात, छातीचं नावही काढत नाहीत. गर्दीत त्यांना ३ मिळतो, आणि हार्ट अटॅक असला तरी यंत्र इमानदारीत ३ हाच धडा गिरवतं. 'नव्वद टक्के अचूक' असा दावा असेल, तर तो बहुधा सिस्टरशी जुळण्याचा असतो.

मग दुसरं बरं? मलाही आधी तसंच वाटायचं. पण कोळंबी खाऊन ओठ सुजलेला, श्वास घरघरणारा पेशंट घ्या. मांडीत ॲड्रेनॅलिन, काही तास नजरेखाली, मग घरी. नोंदीत उरतं 'घरी सोडलं', पाय मुरगळलेल्यासारखंच! वेळेवर केलेल्या उपचारानेच तो पेशंट किरकोळ ठरतो. संगणकशास्त्रज्ञ रिच कारुआना यांनी न्यूमोनियाच्या नोंदींत हेच दाखवलं: दमेकऱ्यांना धोका कमी, असं मॉडेल शिकलं, कारण त्यांच्यावर डॉक्टर आधीच जास्त लक्ष देत होते. शिवाय भरती हा खाटांचाही प्रश्न. वॉर्ड भरलेला असला की 'उद्या ओपीडीत या'.

'ताप नाही' यातला 'नाही' मात्र दोन्ही यंत्रांना कळावा लागतो. त्यासाठी अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या संशोधक वेंडी चॅपमन यांनी सहकाऱ्यांसोबत २००१ मध्ये नेगएक्स ही साधी नियमपद्धत मांडली. इंग्रजीत नकार बहुतेक वेळा लक्षणाच्या आधी येतो. आपल्याकडे केसपेपर इंग्रजीत लिहितात म्हणून नकार लक्षणाआधी शोधणं खपतं. उद्या सिस्टर मराठीत बोलून नोंद करू लागल्या, तर 'छातीत दुखत' इथवर वाचून थांबणाऱ्या यंत्राला पुढचा 'नाही' दिसायचाच नाही.